मोळीवाल्या बायका चित्रात हव्यातच

चोरलच्या जंगलाचे एक जलरंगचित्र इंदूरच्या प्रदर्शनात लागले आणि त्यावरून वाद झाला, असे भाच्याने कळवले. चित्रात डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन बायका होत्या. कुणाला ते गरिबीचे प्रदर्शन वाटले, कुणाला जंगलतोडीचे कौतुक; निसर्गचित्रात निसर्गच असावा, असे भाच्याचेही मत पडले. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ साली जिथे चित्रशाळा काढली, जिथे बेंद्र्यांसारखे चित्रकार घडले, त्या गावात हे ऐकावे लागावे, याचा मला अजून राग आहे.

मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत राहतो. नॉर्थवे या महामार्गाला लागले की तासाभरात ॲडिरॉन्डॅकचे डोंगर सुरू होतात. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर तिथे वर्षानुवर्षे जात असे, आणि १८९१-९२च्या त्याच्या जलरंगांत लाकूडतोड्या आहे, हडसन नदीतल्या ओंडक्यांवर राबणारे मजूर आहेत. १८९४ साली न्यूयॉर्क राज्याने तिथल्या सरकारी जंगलातली वृक्षतोड थेट संविधानातच निषिद्ध केली. त्याच वर्षी होमरने एका म्हाताऱ्या वाटाड्याला प्रचंड झाडाशेजारी उभे केले. जंगल राखणाऱ्या या लोकांना चित्रांतली कुऱ्हाड खुपल्याचे मी कधी ऐकले नाही. मी हे लिहिल्यावर भाच्याचे उत्तर आले, ‘मामा, तिथे बसून शिकवणं सोपं आहे.’

ते मला लागले, कारण मोळीवाल्यांना चित्रातून काढणारा पहिला मीच होतो. सोळाव्या वर्षी महूहून मीटरगेज गाडीने कालाकुंडला उतरून मी पळसांचे चित्र काढायला बसलो होतो. समोरच्या पायवाटेने बायका मोळ्या घेऊन स्टेशनकडे निघाल्या होत्या; एकीच्या चुंबळीचे लाल फडके मला अजून दिसते. त्या पुढे जाईपर्यंत मी कुंचला धरून थांबलो आणि मग रिकामी वाट रंगवली.

ते चित्र आज इथल्या दिवाणखान्यात आहे. ‘इथे कोण राहतं?’ असे इथे जन्मलेल्या मुलीने एकदा विचारले, तेव्हा मी चटकन ‘कोणी नाही’ म्हणून गेलो. वादाची बातमी आल्यावर काच काढून त्या वाटेवर लाल फडके भरायला बसलो. जलरंगात उजळ जागा आधीच कोरी राखावी लागते. मी तर सगळ्या वाटेवर गेरूचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, फिरवून ठेवला होता. त्यावर लाल रंग मातकटच उमटला.