पहिला सीझन गाळून बघणाऱ्यांनो, जरा थांबा

आज दुपारी भाच्याचा फोन आला. 'कॅसलव्हेनिया' बघ म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. म्हणाला, "लावली मावशी, भारी आहे! मी डायरेक्ट दुसऱ्या सीझनपासून सुरू केली. पहिला म्हणजे चार एपिसोडची नुसती प्रस्तावना. पाच मिनिटांचा रीकॅप बघितला, कळलं सगळं." त्याच्या ग्रुपमध्ये सगळे असंच करतात म्हणे. खरी मारामारी दुसऱ्यात आहे, पहिल्यात वेळ कशाला घालवायचा.

फोन ठेवला तेव्हापासून डोकं ठणकतंय. पाच मिनिटांत काय कळलं रे तुला? बायकोला जाळली, नवरा चिडला, राक्षस सोडले. एवढंच ना? मग ती सिरीज तू बघूच नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोनामी या जपानी कंपनीचे 'कॅसलव्हेनिया' नावाचे व्हिडिओ गेम आहेत, पहिला 1986 सालचा. त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे 1989 मधल्या गेमच्या कथेवरून नेटफ्लिक्सने जुलै 2017 मध्ये ही ॲनिमेटेड सिरीज आणली. लेखन वॉरन एलिसचं, ॲनिमेशन टेक्ससमधल्या पॉवरहाउस स्टुडिओचं, आणि निर्मात्यांमध्ये आपल्या कोलकात्यात जन्मलेला आदी शंकर. पंधराव्या शतकातला वालाकिया, म्हणजे आजच्या रोमानियाचा भाग. ड्रॅक्युला आहे, चाबकाने राक्षस मारणारा ट्रेव्हर बेलमाँट आहे, रक्त तर विचारू नका. लहान मुलांना दाखवू नका, हे आधीच सांगून ठेवते, कारण 'कार्टून आहे' म्हणून पोरांसमोर लावणारे महाभाग माझ्याच फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

पण सुरुवात बघा कशी आहे. साल 1455. सुळावर चढवलेल्या माणसांचे सांगाडे उभे आहेत, त्यांच्यामधून एक बाई चालत येते आणि किल्ल्याच्या दारावर सुरीच्या मुठीने ठोठावते. घाबरलेली आहे, पण परत फिरत नाही. दार उघडतं, ड्रॅक्युला समोर येतो, आणि ही काय म्हणते? मला डॉक्टर व्हायचंय. गावातली माणसं साध्यासाध्या दुखण्यांनी मरतायत, तुमच्याकडे विद्या आहे असं ऐकलंय, मला शिकवा. वर त्यालाच सुनावते की घरी आलेल्याशी असं वागतात का! ती लिसा. तो तिला आपली प्रयोगशाळा दाखवतो, काचेच्या नळ्या, विजेचे दिवे. तिचे डोळे चमकतात. आणि ती त्याला सांगते की तूही जरा बाहेर पड, माणसासारखा प्रवास कर, माणसं बघ.

पुढे दोघांचं लग्न होतं. मग वीस वर्षांनी तिच्या घरात तीच काचेची भांडी सापडतात म्हणून बिशप तिला चेटकीण ठरवतो आणि तारगोविश्ते शहराच्या चौकात जाळतो.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला लिसा दिसलीच नाही. मला माई मावशी दिसली.

माई मावशी माझ्या आईची मोठी बहीण, आणि आज ज्याचा फोन आला त्या भाच्याची सख्खी आजी. उमेदीची सगळी वर्षं तिने आडगावच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून काढली. तेव्हा काचेच्या सिरिंजा असायच्या, त्या उकळून घ्याव्या लागायच्या. तिच्याकडे स्टीलचा एक चपटा डबा होता. रात्री कामं आटोपली की स्टोव्ह पेटवून ती त्यात सुया-सिरिंजा उकळत ठेवायची. पावसाळ्यात एका घरातलं लहान पोर तापाने गेलं. मावशीने सांगितलं होतं की याला ताबडतोब तालुक्याला न्या. नेलं नाही. पोर गेलं, आणि आठ दिवसांत वाडीत बोलणं सुरू झालं की नर्सबाई रात्री डब्यात काहीतरी शिजवते. सुईतून काहीतरी घालते. सकाळी तिच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि काळी बाहुली. विहिरीवर ती गेली की बायका घागरी उचलून बाजूला होत. ज्यांची बाळंतपणं तिने केली होती त्याच बायका.

तिला कोणी जाळलं नाही. बदली झाली, सुटली. पण बोलता बोलता अजूनही तो डबा निघाला की ती विषय बदलते.

आता मला सांगा, ही 'प्रस्तावना' आहे?

मान्य आहे, पहिला सीझन लहान आहे. चार भाग मिळून दीड तासाच्या आसपास. मुळात सिनेमा करायचा बेत होता आणि ते जाणवतं, चौथा भाग संपतो तिथे आता कुठे गाडी निघाली असं वाटतं. काही ठिकाणी चित्रं ताठर वाटतात. दुसऱ्या भागातल्या त्या दारूच्या गुत्त्यातल्या बकरीच्या गप्पा नसत्या तरी चाललं असतं. ठीक आहे. म्हणून गाळायचं?

कारण ज्याला सगळे भयकथा म्हणतात त्यातलं खरं भय या चार भागांतच आहे, आणि ते पंखवाल्या राक्षसांचं नाही. राक्षस काय, रात्री येतात, फाडून खातात, सकाळी जातात. बिशप दिवसाढवळ्या येतो. शांत आवाजात बोलतो. ग्रेसित नावाच्या शहरावर रोज रात्री राक्षसांचे हल्ले होतायत, आणि हा लोकांना पटवून देतो की हे सगळं त्या स्पीकर लोकांमुळे होतंय. स्पीकर म्हणजे भटकी जमात. लिहून न ठेवता पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान तोंडपाठ करून जपणारी माणसं, जखमींना मदत करायला त्या शहरात थांबलेली. त्यांचा म्हातारा पुढारी जीव जाईल हे माहीत असूनही निघून जायला तयार नाही, कारण लोकांना गरज आहे. आणि ज्या लोकांना गरज आहे तेच रात्री मशाली घेऊन त्याला मारायला निघतात.

हे बघताना माझ्या मुठी आवळल्या होत्या. ताप आला, पाऊस पडला नाही, गुरं मेली, की कोणावर तरी बोट ठेवायचं. आणि बोट नेहमी त्याच माणसावर, जो एकटा आहे, बाहेरचा आहे, किंवा चार गोष्टी जास्त शिकलाय. आपल्याकडे आजही नंदुरबारच्या बाजूला बाईला डाकीण ठरवतात. डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे 2013 साली आपल्याला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. माझ्या वॉलवर येणाऱ्यांना यावर लेक्चर द्यायची गरज नाही, आपण सगळे एकाच बाजूचे आहोत. पण मग आपल्याच घरातली पोरं हे दृश्य पुढे ढकलून मारामारीवर जातात तेव्हा त्रास होतो.

"हे फार एकतर्फी आहे, चर्चला नुसतं काळं रंगवलंय," असं एका मैत्रिणीने मागे म्हटलं होतं. थोडं तसं आहे. पण तिने शेवटचा भाग लक्ष देऊन बघितला नसावा. ट्रेव्हर गर्दीला घेऊन लढायला उभा राहतो तेव्हा गर्दीतल्याच एका पाद्र्याकडून पाणी मंत्रून घेतो, आणि ते पाणी काम करतं! म्हणजे श्रद्धेला नाकारलेलं नाही. नाकारलंय ते बिशपला. त्याच्या चर्चमध्ये राक्षस थेट आत शिरतो. तो घाबरून म्हणतो की हे देवाचं घर आहे. राक्षस सांगतो की देव इथे नाही, ही रिकामी पेटी आहे. वर हेही की आम्ही इथे आलो ते तुझ्यामुळेच. सगळ्या सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त समाधान देणारी दोन मिनिटं. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. लिंबू ठेवणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

पण आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते लिहिते. रीकॅपमध्ये हे नव्हतंच, भाच्याला मुद्दाम विचारलं.

ड्रॅक्युला प्रवासातून चालत घरी परततो. बायकोने सांगितलं म्हणून माणसासारखा, पायी. घर जळून गेलंय. तिथे एक म्हातारी आहे. लिसाने तिच्यावर उपचार केलेले. तीच त्याला सांगते की तिला बिशपच्या माणसांनी नेलं. म्हातारीला दुःख आहे, लाज आहे, आणि ती एकटी तिथे आलीये. ड्रॅक्युला तिला म्हणतो की लिसाच्या नावाने ही शेवटची दया करतोय, घरच्यांना घे आणि आजच रात्री वालाकिया सोडून जा. यानंतर मी माणूस म्हणून प्रवास करणार नाही.

आणि थोड्याच वेळाने किल्ल्यात त्याचा स्वतःचा मुलगा अलुकार्ड त्याला अडवतो. ज्यांनी केलं त्यांना शोध, त्यांना शिक्षा दे, सगळ्या देशाला का? तेव्हा ड्रॅक्युला ओरडतो की कोणीच निर्दोष नाही! त्यांच्यातला कोणीही एक उभा राहून नाही म्हणू शकला असता, कोणीच म्हटलं नाही.

मी तिथे पॉज केलं होतं. कारण मला ते पटलं होतं. माई मावशीच्या वाडीत कोण उभं राहिलं? सरपंच? मास्तर? ज्यांच्या पोरांना तिने लस टोचली ते? कोणी नाही. जाळून टाका सगळी वाडी, असं लहानपणी ती गोष्ट ऐकताना मला वाटलेलं आहे. त्यामुळे ड्रॅक्युला ओरडला तेव्हा मी त्याच्याच बाजूने होते.

पुढच्या दिवाळीत मावशी आमच्याकडे आली तेव्हा मी तिला पहिला भाग दाखवला. इंग्रजी फारसं कळत नाही, मी मराठीत सांगत होते. लिसाला खांबाला बांधलं तेव्हा ती काही बोलली नाही. ज्वाळांमधून लिसा नवऱ्याला विनवत होती की यांना कळत नाहीये हे काय करतायत, तू यांच्यापेक्षा चांगला हो, तेव्हाही नाही. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं, "ती म्हातारी सुटली का गं?"

आणि मग तिने मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या वाडीत एक आजी होती. सगळं अंधारलं की मागच्या दाराने यायची, पदराखाली भाकरी आणि सुकटीची चटणी. काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली होती, "पोरी, दार आतून नीट लाव." इतक्या वर्षांत आम्ही तिच्या उंबऱ्यावरच्या लिंबाची गोष्ट करत राहिलो, आणि ती त्या भाकरीची आठवण जपून होती.

तेव्हा मला ते दृश्य दिसलं. ड्रॅक्युला खोटं बोलतोय! कोणीच निर्दोष नाही म्हणणारा हा, थोड्याच वेळापूर्वी एका निर्दोष बाईला स्वतःच्या तोंडाने 'जा' म्हणून सांगून आलाय. त्याला माहीत आहे. माहीत असून तो सगळ्यांना मारायला निघतो. म्हणून तो नुसता दुखावलेला नवरा राहत नाही, गुन्हेगार होतो. आणि अलुकार्ड बरोबर असतो, छातीवर बापाच्या हातची जखम घेऊन वर्षभर ग्रेसितच्या खाली निजलेला.

आणि चौथ्या भागात तीच गर्दी, कालपर्यंत मशाली घेऊन निघालेली, ट्रेव्हरने चार शब्द खरे सांगितल्यावर बिशपच्या माणसांवर उलटते आणि भाले घेऊन राक्षसांसमोर रांगेत उभी राहते. साधे दुकानदार, हमाल. कोणीतरी उभं राहायला हवं होतं असं जे ड्रॅक्युला पहिल्या भागात म्हणतो, त्याचं उत्तर चौथ्या भागात आहे. उशिरा आलेलं, लिसासाठी काही उपयोगाचं नसलेलं, पण आहे. एवढ्या छोट्या सीझनमध्ये हे बसवलंय. याला प्रस्तावना म्हणतात?

गेमवाल्या मित्रांची तक्रार वेगळी असते. मूळ गेममधला ट्रेव्हरचा साथीदार ग्रँट कुठे गेला, स्पीकरांमधल्या जादू करणाऱ्या सायफाला या सीझनमध्ये कामच कमी आहे, अर्धा वेळ दगड होऊन पडलीये. सायफाचं मान्य, पुढच्या सीझनमध्ये तिला न्याय मिळतो. ग्रँटबद्दल मला काही वाटत नाही, नाही घेतला तर नाही घेतला. त्या जुन्या गेममध्ये कथा सांगायला जागा होतीच कुठे? चाबूक मारत पुढे जायचं. त्यातून एवढी माणसं उभी केली याचं कौतुक करा की.

आणि ज्यांना दुसरा सीझन ग्रेट वाटतो, मलाही वाटतो, त्यांनी एक सांगावं. त्यात ड्रॅक्युला भाग न्‌ भाग खुर्चीत बसून असतो. जेवत नाही, लढत नाही, त्याचे सरदार वैतागतात. लिसाला दारावर ठोठावताना ज्याने बघितलेलं नाही त्याला तो कंटाळवाणा व्हिलन वाटणारच, भाच्यालाही वाटला. आणि शेवटी बाप-लेक मारामारी करत भिंती फोडत त्या खोलीत येऊन पडतात, अलुकार्डच्या लहानपणीच्या. ड्रॅक्युला थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि लिसाशी बोलायला लागतो, की ही खोली आपण रंगवली होती, ही खेळणी आपण केली होती, आणि मी आपल्या पोराला मारतोय. लिसा कोण हे पाच मिनिटांच्या रीकॅपमधून कळलेला माणूस त्या खोलीत नेमकं काय बघणार आहे?