शिक्षकांनाच त्यांची भाषा शिकवायची? हो, शिकवावी लागते

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार ग्रुपांवरून आला. शेवटी मावसभावानेही पाठवला, खाली टीप: ‘ताई, तू तिथे होतीस ना? हे खरं का?’ मजकूर थोडक्यात असा. आफ्रिकेत मातृभाषेतून शिकवण्याचं खूळ परदेशी पैशावर चाललंय. तिथे शिक्षकांनाच त्यांची स्वतःची भाषा शिकवायला शिबिरं भरवतात. भाषा दोन हजार, पुस्तकं किती छापणार? अशी शिकलेली मुलं इंग्रजीत मागे पडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या मुलांनी याच्याविरुद्धच बंड केलं होतं. पालकांना तर हे नकोच आहे. तेव्हा आपणही पहिलीपासून सगळं इंग्रजीत करून मोकळं व्हावं.

मी उत्तर युगांडात लीराच्या आसपास दोन वर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. हा लांगो लोकांचा मुलूख, भाषा लेब्लांगो. २००७ पासून युगांडात पहिली ते तिसरी स्थानिक भाषेतून शिकवायचं असं धोरण आहे. शहरी शाळांना सूट आहे. चौथीत इंग्रजीकडे वळायचं आणि सातवीच्या शेवटी मोठी परीक्षा इंग्रजीतच द्यायची. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं तसं इंग्रजी कुणी हाकललेलं नाही. ते तीन वर्षं उशिरा माध्यम होतं, इतकंच.

ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त हसण्याच्या इमोजी पडल्या तिथून सुरुवात करते: ‘शिक्षकांनाच त्यांची भाषा शिकवतात.’ हो, शिकवतात. मीही पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसले होते.

शिबिर शाळेच्या सुट्टीत, निवासी. सकाळी सात वाजता बोडाबोडावरून, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवरून, लाल मातीने माखलेल्या शिक्षिका उतरायच्या. अंगावर तान्हं मूल आणि ते सांभाळायला बरोबर आणलेली आठ-दहा वर्षांची भाची. प्लगचा बोर्ड एकच, त्यावर पंचवीस फोन. जेवणाला पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि राजम्यासारख्या घेवड्याची आमटी. रोज तेच. एखाद्या दिवशी मालाक्वांग मिळालं की सगळ्यांचे चेहरे उजळायचे. मालाक्वांग म्हणजे आपल्या अंबाडीची सख्खी बहीण, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली. पहिला घास घेतला तेव्हा मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, आंबट लागलं.

पहिल्याच सत्रात फळ्यावर लेब्लांगोतला एक परिच्छेद होता. वीस वर्षं नोकरी झालेल्या एका बाईंना वाचायला सांगितलं. तोच मजकूर इंग्रजीत असता तर त्यांनी धडाधड वाचला असता. इथे त्या प्रत्येक शब्दाखाली बोट धरून थांबत होत्या. दुसऱ्या ओळीत दुधाचा शब्द आला. लेब्लांगोत दूध म्हणजे ‘चाक’, पण लिहिताना सुरुवातीला रोमन ‘सी’. बाई म्हणाल्या, ‘कॅक.’ मग थांबल्या, स्वतःशीच हसल्या, ‘चाक’ म्हणाल्या आणि खुर्चीत बसून तोंडावर हात घेतला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या चिडवण्याच्या नव्हत्या.

यात बाईंचा काय दोष? त्यांचं सगळं शालेय आयुष्य इंग्रजीत गेलं. घरात लेब्लांगो बोलल्या, बाजारात बोलल्या, नवऱ्याशी भांडल्याही त्याच भाषेत, पण लिहिलेली लेब्लांगो त्यांच्यासमोर चर्चमधल्या पुस्तकापलीकडे फारशी आलीच नाही. भाषा बोलता येणं आणि ती सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवता येणं यांत अंतर आहे. मराठी उत्तम बोलणाऱ्या कुणालाही विचारा, ‘ज्ञ’ मुलाला कसा फोडून सांगाल? किंवा ङ. आपल्याकडे तो वर्णमालेच्या तक्त्यात आणि वाङ्मयात उरलाय. लेब्लांगोत शब्दाची सुरुवातच त्याने होते: ‘ङुत’ म्हणजे मान. रोमनमध्ये त्यासाठी शेपटीवाला ‘एन’ लागतो. तो फोनवर सहज सापडत नाही, म्हणून शिक्षक ‘एन-जी’ लिहितात आणि मुलं त्याचे दोन आवाज करतात. स्वरांचं तर विचारू नका. बोलताना दहा, लिहिताना पाच. भाषेत स्वरांची उंची-नीचता असते, तीही अक्षरात दिसत नाही. कोणता शब्द कसा वाचायचा हे वाक्यावरून ओळखायला मुलांना शिकवावं लागतं, आणि त्यासाठी ते आधी शिक्षकाला जाणवायला हवं.

अक्षरांची नावं आणि अक्षरांचे आवाज हा आणखी एक डोंगर. ‘बी, सी, डी’ म्हणत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘ब्, च्, ड्’ म्हणायला लावलं की जीभ बंड करते. चार दिवस आम्ही तेच केलं. संध्याकाळी शिक्षिका फोन चार्ज व्हायची वाट बघत व्हरांड्यात एकमेकींची परीक्षा घ्यायच्या, कडेवर मूल, हातात खडू.

मग शाळा. पहिलीच्या वर्गात शंभराच्या पुढे मुलं. खोली पुरत नाही म्हणून अर्धा वर्ग आंब्याखाली. पाऊस आला की सगळे एकाच खोलीत, आणि पत्र्यावरचा आवाज असा की शिकवणं थांबतं. पावसाळ्यात मुरमाचा रस्ता फसला की बोडाबोडावाला मला अर्ध्या वाटेत उतरवायचा: ‘मॅडम, पुढे पाय.’ शिबिरानंतर पहिल्यांदा वर्गावर गेले तेव्हा कित्येकदा तक्ता भिंतीवर नसायचा. का? ‘मुलं फाडतील म्हणून कपाटात ठेवलाय.’ मुख्याध्यापकांकडे किल्ली, आणि मुख्याध्यापक लीराला मीटिंगला. प्रशिक्षण खरं इथेच असतं, शिबिरानंतरच्या या फेऱ्यांत. दर वेळी एकच बारीक गोष्ट धरायची, बाकी सोडून द्यायची.

आता मजकूर म्हणतो ‘मुलं मागे पडतात’. यावर लांगो भागातलाच पुरावा आहे. मँगो ट्री नावाची संस्था तिथे लेब्लांगो वाचन शिकवत होती. मी तिच्यात नव्हते. केर्विन आणि थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली ३८ सरकारी शाळांत चिठ्ठ्या टाकून तिच्या कार्यक्रमाच्या दोन आवृत्त्या तपासल्या. पूर्ण आवृत्तीत संस्थेच्या लोकांनी स्वतः दिलेलं प्रशिक्षण, वर्गभेटी, पुस्तकं, मुलांना पाट्या, भिंतीवर घड्याळ. स्वस्त आवृत्तीत प्रशिक्षण सरकारी पर्यवेक्षकांमार्फत वरून खाली झिरपणारं, आणि पाट्या-घड्याळं वगळलेली. पूर्ण आवृत्तीत एका वर्षात वाचन आणि लेखन दोन्हींत झपाट्याने सुधारणा झाली. स्वस्त आवृत्तीत वाचन थोडं सुधारलं, आणि लेखनाच्या काही भागांत मुलं कार्यक्रम न मिळालेल्या शाळांपेक्षाही मागे गेली.

भाषा दोन्हीकडे लेब्लांगोच होती. म्हणजे ‘मातृभाषेचा प्रयोग फसला’ असं जिथे म्हणतात तिथे आधी बघावं की पाटी दिली होती का. प्रशिक्षण तिसऱ्या-चौथ्या हाताने आलं तर शिक्षकाच्या हाती फक्त घोषणा लागते. याचा राग मला मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा ‘कमी खर्चात तेच करून दाखवू’ म्हणणाऱ्या आमच्याच क्षेत्रातल्या लोकांवर जास्त आहे.

इंग्रजीबद्दल: नायजेरियात इले-इफे इथे १९७० पासून शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने सहा वर्षं योरुबा या तिथल्या भाषेतून शिकवलं गेलं. इंग्रजी फक्त विषय म्हणून, पण वेगळ्या, तयार शिक्षकाकडून. ती मुलं इंग्रजीतही मागे पडली नाहीत. यावर आक्षेप निघतो की त्यांना इंग्रजीचा खास शिक्षक होता. बरोबर. तोच तर मुद्दा आहे. कॅमेरूनच्या कोम भागात २००७ पासून बारा शाळांत पहिली तीन वर्षं कोम भाषेतून शिकवलं. वाचन आणि गणित दोन्हींत ही मुलं इंग्रजी माध्यमाच्या शेजाऱ्यांच्या पुढे होती. मात्र चौथीत इंग्रजीकडे वळल्यावर ती आघाडी कमी झाली, हेही सांगायला हवं. तीन वर्षं पुरत नाहीत असा मी त्याचा अर्थ लावते. दुसरा कुणी वेगळा लावेल.

‘दोन हजार भाषा’ हा मुद्दा ऐकायला भारी. पण रवांडात जवळजवळ सगळा देश किन्यारवांडा बोलतो, भाषांचा गोंधळ नाही, तरी २००८ मध्ये सरकारने शिक्षणाचं माध्यम इंग्रजी करायचं ठरवलं. म्हणजे अडचण संख्येची नव्हती. उलट संख्या कमी करण्याचा हट्ट इथिओपियात करून पाहिला गेला. वोलाइता, गामो, गोफा आणि दावरो या जवळच्या भाषांची खिचडी करून एक पुस्तकी भाषा बनवली, पाठ्यपुस्तकं छापली. १९९९ साली वोलाइतात लोक रस्त्यावर उतरले, माणसं मेली, पुस्तकं मागे घ्यावी लागली. छपाईत वाचवलेला पैसा कुठे गेला ते विचारायला कुणी उरलं नाही.

सोवेटोचं मात्र उलटंच लिहिलंय. १६ जून १९७६ ला मुलं ज्या भाषेविरुद्ध बाहेर पडली ती कुणाची आई बोलत नव्हती. ती आफ्रिकान्स होती, गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा, निम्म्या विषयांसाठी सक्तीची केलेली. कित्येक शिक्षकांनाही ती धड येत नव्हती. पण मजकुरात एक अर्धसत्य आहे आणि ते टाळणं बेइमानी ठरेल: १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने वर्णभेदी सरकारने मातृभाषेचा वापर काळ्या मुलांना खालच्या पायरीवर ठेवण्यासाठी केला. त्यामुळे ‘तुमच्या भाषेतून शिका’ असं ऐकताच तिथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला समजावताना आपण जपून बोलावं.

राहिले पालक. ‘नकोच आहे’ हे अर्धं खरं. लीराच्या बाजारात तीन वर्षांच्या मुलांच्या इंग्रजी नर्सरींच्या पाट्या ओळीने दिसतात. एका शाळेत पालकसभेनंतर एक बाप माझ्याजवळ आला. तीळ पिकवणारा माणूस, सायकलला पोतं बांधलेलं.

“मॅडम, तुमची मुलगी कुठल्या भाषेतून शिकते?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी सेमी-इंग्रजी समजावून सांगायला लागले: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, वर्गात एक शिक्षिका दोन्ही भाषा बोलते, मुलं दोन्ही भाषांत प्रश्न विचारतात.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग सायकल वळवत म्हणाला, “मग आम्हालाही तेच द्या ना. आम्हाला एकच का?”