सिसिलियाला कुणी विचारलं?

आज नात्यातल्या ग्रुपवर एका मुलीचा बायोडेटा आला. शिक्षण, नोकरी, गोत्र, आणि शेवटी एक ओळ: 'पायात किंचित दोष आहे, पण घरचे लग्न व्यवस्थित करून देतील.' खाली लगेच कुणीतरी, 'मग स्थळ चांगलंच आहे!' तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. व्यवस्थित म्हणजे किती तोळे, ते आपल्याला कळत नाही का?

मला 'द वेडिंग मार्च' आठवला. एरिक फॉन स्ट्रोहाइमचा १९२८ चा मूकपट, गोष्ट १९१४ च्या व्हिएन्नातली. खानदानी पण कफल्लक निकी (स्वतः स्ट्रोहाइमच). त्याचं प्रेम हार्प वाजवणाऱ्या गरीब मिट्झीवर, लग्न मात्र श्रीमंत सिसिलियाशी. सिसिलिया लंगडते. तिचा बाप पायाच्या कुरुपांवर लावायच्या पट्ट्या विकून गब्बर झालेला! दोघांचे बाप कुंटणखान्यात, दारू ढोसून, जमिनीवर बसून हे लग्न ठरवतात. सिसिलियाला कोण विचारतंय?

बघणारे रडतात मिट्झीसाठी. फे रे ही नटी आहे त्या भूमिकेत, सफरचंदाच्या बहराखालचे ते प्रसंग आहेत, रडू येणारच. पण मला झासू पिट्सच्या सिसिलियाचे मोठे, घाबरलेले डोळे दिसत राहतात. लग्नात ऑर्गन वाजवणाऱ्याचे हात सांगाड्याचे होतात, ते बघवत नाही.

आमच्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला होता. आजोबांनी जमिनीचा तुकडा विकून तिचं लग्न 'व्यवस्थित' करून दिलं. वर्षभरात तिच्या पाटल्या नणंदेच्या लग्नात गेल्या. तिला विचारलंसुद्धा नाही. घरात कुणी दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली तर आपण त्याला चोर म्हणतो ना? मग हे काय होतं? आत्या एवढंच म्हणायची, 'जाऊ दे गं, माणसं वाईट नाहीत.'

ठरवून केलेली सगळीच लग्नं अशी नसतात, मान्य. माझ्या आईबाबांचंही ठरवूनच झालं. पण तिथे पायाचा मोबदला कुणी मागितला नव्हता.

आत्या शिवणकाम फार सुरेख करायची. माझे शाळेचे सगळे फ्रॉक तिच्या हातचे. बायोडेटात हे कुणी लिहिलं असतं का? पायाचं तेवढं लिहिलं असतं.

सिनेमाच्या पुढच्या भागात निकीसाठी झाडलेली गोळी सिसिलियाला लागते आणि ती मरते. म्हणजे मरायचंही त्याच्यासाठीच! त्या भागाची शेवटची प्रतही आगीत जळाली, आज तो कुणालाच बघता येत नाही.

मी ग्रुपवर लिहिलंय, वडिलांचा नको, मुलीचा नंबर द्या, तिला काय हवंय ते तिला विचारू. त्यावर एका काकांचा निरोप आला, 'नात्यात नसती भानगड नको.' काका, आत्याच्या पाटल्या कुणाच्या कपाटात आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आधी त्या तिच्या मुलीला परत द्या, मग भानगडीचं बोलू.