मॉर्फिन नर्सच्या हाती का?

नमस्कार. युगांडातल्या घरपोच पॅलिएटिव्ह केअरवरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करणाऱ्या सेवेवरच्या, लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत: नर्सच्या हाती मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक, देणं म्हणजे गरिबांना व्यसन लावणं, आणि घरची सेवा ही सरकारला हॉस्पिटल न बांधायला मिळालेली सबब आहे.

दुसरा आधी घेतो. हॉस्पिटलं हवीतच. राजधानी कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमधलं, देशातलं एकमेव रेडिओथेरपी मशीन 2016 साली कायमचं बंद पडलं आणि नवं सुरू व्हायला 2018 उजाडलं. याची चीड मलाही येते. पण तोवर पश्चिम युगांडातल्या होइमाकडच्या खेड्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने तळमळणाऱ्या बाईने काय करायचं? आणि मशीन चालू असतं तरी शेवटच्या टप्प्यात तिला कंपालापर्यंतचा प्रवास सोसला असता का? तिच्या दारी कुणीतरी जायलाच हवं.

डॉ. अ‍ॅन मेरीमन यांनी 1993 मध्ये 'हॉस्पिस आफ्रिका युगांडा' ही संस्था सुरू केली ती याचसाठी. मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून, खायचा रंग घालून तिथे औषध बनतं. हिरवं सौम्य, गुलाबी जास्त तीव्र, निळं सगळ्यात तीव्र. दर चार तासांनी एक मात्रा, झोपताना दुप्पट, म्हणजे रात्री उठायला नको. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून जोडीला रेचक. जखमेला घाण येत असेल तर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशकाच्या गोळ्या कुटून ती पूड थेट जखमेवर. घाण गेली की माणसं पुन्हा अंथरुणाजवळ बसू लागतात, आणि हे मला वेदना थांबण्याइतकंच मोलाचं वाटतं.

नर्स म्हणजे कुणीही नव्हे. 2004 मध्ये युगांडात मॉर्फिन लिहून देण्याचे नियम बदलले ते या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्ससाठी. कॅन्सरच्या वेदनेवर मोजून-मापून तोंडाने दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हीच धास्ती बसवली. अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात रुग्ण मॉर्फिनवाचून विव्हळत राहिले. कायद्यात दुरुस्ती झाली थेट 2014 मध्ये, आणि धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. घरची सेवा स्वस्त पडते, कारण रात्रभर जागणारी लेक किंवा सून कुणी हिशेबात धरत नाही. तिची शाळा सुटते, शेत पडीक राहतं. नर्सच्या फेरीबरोबर त्या घराला थोडे पैसे, निदान धान्य तरी मिळालं पाहिजे. यासाठी सरकारशी भांडायचं असेल तर मी तुमच्यासोबत आहे.