मडगावचा बांगडा दिल्लीत कोण तपासणार?

"अन्नसुरक्षा राज्यांकडून काढून घ्या, सगळं दिल्लीतल्या एकाच संस्थेकडे द्या, भेसळ संपेल." हा निरोप आमच्या वाड्यावरच्या गटात तीनदा आला, म्हणून शेवटी नीट वाचला.

"प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा" हे तर साफ चूक. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६चा, अख्ख्या देशाला एकच. ५ ऑगस्ट २०११पासून तो लागू आहे. १९५४चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि फळं, मांस, दूध यांचे सुटे आदेश त्यात विरले. मानकं आजही दिल्लीच ठरवते, राज्याकडे आहे ती मुख्यतः अंमलबजावणी.

"राज्याचे अधिकारी दबावाखाली येतात, फॉर्मेलिन आठवा." आठवतं की! फॉर्मेलिन म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. जुलै २०१८, आपल्या गोव्यात मासेमारी बंद, मासळी परराज्यातून आलेली. १२ तारखेला मडगावच्या घाऊक बाजारात जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडलं, आणि त्याच दिवशी 'मर्यादेत आहे' असा खुलासाही आला. लाज वाटावी असाच प्रकार, त्यावर वाद नाही. पण ही 'मर्यादा' कोणती? फॉर्मेलिन घालायला परवानगीच नाही. मात्र काही माशांत फॉर्माल्डिहाइड मेल्यावर आपोआपही थोडं तयार होतं, म्हणून घातलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं हे ओळखायला आकडा लागतो. तो ठरवणं दिल्लीचं काम. आकडा आला २०१९मध्ये. मग भोक फक्त गोव्याच्या भांड्याला होतं काय? बाहेरच्या मासळीवर बंदी घातली ती राज्यानेच, आठवड्याभरात.

"नमुने केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवा." म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यावर उभे राहून बघा. पिठात कालवलेला लालभडक रंग परतणाऱ्याच्या नखांतही उतरलेला असतो. कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस मिळतात. तोवर गाडा पुढच्या जत्रेला पोचलेला. इथल्या इथे बांबोळीच्या राज्य प्रयोगशाळेपर्यंत नमुना नेतानाच ही गत, तर दिल्लीचं काय सांगता? (२०२४मध्ये म्हापसा पालिकेने अख्ख्या गोबीवरच बंदी घातली. मला ती अतीच वाटली, दोष फुलकोबीचा नव्हे, रंगाचा.)

राहिला युरोप. तिथली अन्नसुरक्षा संस्था इटलीत पार्मा इथे आहे. ती धोक्याचा शास्त्रीय अंदाज देते, कुणाच्या हॉटेलात शिरून तपासणी करत नाही. ते काम त्या त्या देशाचं. ब्रिटनमध्येही स्वयंपाकघरं तपासायला स्थानिक कौन्सिलचा माणूस येतो.

पहाटे मडगावला घेतलेल्या चाचणीचा आकडा गिऱ्हाईक यायच्या आत बाजारातल्या फळ्यावर लागलाच पाहिजे, असा निरोप कुणी लिहिला, तर तो मी सगळ्या गटांत पुढे पाठवीन.