स्टेंटचा तो फोटो खरा असेलही, त्याखालचा मजकूर खोटा आहे

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेंटचा, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या बारीक जाळीच्या नळीचा, एक फोटो फिरतोय. करड्या जाळीवर लालभडक तबकड्या चिकटलेल्या, मध्येमध्ये धाग्यांचं जाळं, आणि जाळीवरच्या थराला तडे. खाली मजकूर असा: हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेला हृदयातल्या स्टेंटचा फोटो आहे. शरीर स्टेंटला कधीच स्वीकारत नाही. धातू रक्तात उघडा पडून गंजत राहतो. स्टेंटनंतरच्या गोळ्या कंपन्यांच्या फायद्यासाठी असतात. त्यापेक्षा पायातली शीर काढून बायपास केलेला बरा, कारण ती ‘नैसर्गिक’ असते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना चार महिन्यांपूर्वी दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, टाकल्या. त्यांनी मला हा फोटो दाखवला तेव्हा गोळ्या बंद करून त्यांना तीन दिवस झाले होते. मी बारा वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या प्रयोगशाळेत नमुने तयार करायचं काम केलं आहे, त्यात रक्तवाहिन्याही होत्या. असे फोटो कसे निघतात ते मला माहीत आहे, आणि त्यातून काय निघत नाही तेही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी फोटोबद्दलच. त्यातला लाल रंग नंतर संगणकावर भरलेला आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश नसतो, त्यामुळे रंगही नसतो. इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्यावरून फिरवतात, प्रत्येक ठिकाणाहून किती इलेक्ट्रॉन उसळून बाहेर आले ते मोजतात, आणि त्यावरून काळ्या-पांढऱ्यातलं चित्र तयार होतं. रंग भरणं ही काही लबाडी नाही. पेशी ओळखता याव्यात म्हणून पाठ्यपुस्तकांतही भरतात. पण लालभडक रंगाने छातीत जी धस्स होते, ती रंगाने होते, पुराव्याने नव्हे.

दुसरं म्हणजे हा फोटो जिवंत माणसाच्या हृदयातला असूच शकत नाही. नमुना यंत्रात जातो तेव्हा तिथे निर्वात पोकळी असते, पाण्याचा थेंबही चालत नाही. त्यामुळे धमनीचा तुकडा आधी ग्लुटारअल्डिहाइड या रसायनात पक्का करायचा, म्हणजे आहे तसा टिकवायचा, मग अल्कोहोलची तीव्रता वाढवत वाढवत त्यातलं पाणी काढायचं, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरून अशा बेताने सुकवायचा की पेशी चुरगळू नयेत, आणि शेवटी त्यावर सोन्याचा काही नॅनोमीटरचा मुलामा द्यायचा. स्टेंट असलेली धमनी असेल तर ती लांबीत दुभंगून शिंपल्यासारखी उघडावी लागते. हे सगळं प्राण्यांच्या किंवा शवविच्छेदनात मिळालेल्या धमनीवरच होतं. जिवंत रुग्णाच्या स्टेंटच्या आत डोकवायला अँजिओग्राफी करतात त्या कॅथलॅबमध्ये ओसीटी नावाची तपासणी आहे, पण तिला साधारण १० ते १५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक दिसत नाही. एकेक पेशी तिच्या आवाक्याबाहेर आहे.

आणि ते तडे! सुकवताना दाब किंवा तापमान जरा चुकलं की पृष्ठभाग उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळतो. भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींत बरोबर बसत असतील आणि मध्ये एकही पेशी किंवा गुठळी नसेल, तर ती भेग बहुतेक वेळा प्रयोगशाळेत पडलेली असते. तसंच, धमनी रक्तदाबाइतक्या दाबाखाली, म्हणजे पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरवर, फुगवून पक्की केली नाही तर ती आकसते आणि आतल्या थराला चुण्या पडतात. चिमटा लागला तर पेशींचा पापुद्रा निघून येतो. माझ्या सुरुवातीच्या नमुन्यांत असे उघडे पट्टे इतके होते की आमच्या वरिष्ठ बाईंनी सगळी बॅच पुन्हा करायला लावली. त्या पट्ट्यांकडे बोट दाखवून ‘बघा, पेशी वाढल्याच नाहीत’ म्हणणं किती सोपं होतं, ते मला तेव्हा कळलं.

आता मजकुरातला सगळ्यात घातक मुद्दा, शरीर स्वीकारत नाही म्हणे.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आर्थर व्हूरहीज या तरुण सर्जनच्या हातून प्रयोगातल्या एका कुत्र्याच्या हृदयात रेशमाचा टाका चुकून राहून गेला. काही महिन्यांनी पाहिलं तर त्या धाग्यावर चकचकीत पापुद्रा चढलेला. कापडाच्या नळीवरही असंच अस्तर चढेल का, या विचारातून त्याने कृत्रिम कापडाची रक्तवाहिनी शिवली, आणि १९५२ मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध झालं. आज महाधमनीच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या डॅक्रॉन या कृत्रिम कापडाच्या नळ्या याच विचारातून पुढे आल्या.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने तो पापुद्रा जवळून दाखवला. रक्तवाहिनीला आतून एंडोथेलियमचं अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं, आणि ती पेशीही कडेला एका मायक्रॉनहून पातळ. निरोगी धमनीत या पेशी लांबट दिसतात, रक्त वाहतं त्याच दिशेने आडव्या झालेल्या, ओढ्याच्या पाण्यात शेवाळ झुकतं तशा. स्टेंट फुगवताना हे अस्तर खरवडलं जातं. पहिल्या काही दिवसांत तारांवर फायब्रिनचे (गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचे) धागे, दोन-तीन मायक्रॉनच्या प्लेटलेट (रक्तातल्या गुठळी सुरू करणाऱ्या बारीक चकत्या) आणि पांढऱ्या पेशी दिसतात. फिरणारा फोटो बहुधा याच टप्प्याचा आहे. मग बाजूच्या शाबूत अस्तरातून पेशी सरकत तारेवर चढतात. सशाच्या धमनीत १४ आणि २८ दिवसांनी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर साधी धातूची जाळी आधी ठळक दिसते, नंतर पांघरुणाखालच्या दोरीसारखी नुसती उंचवट्याने ओळखू येते. २८ व्या दिवसाचा तो फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

माणसात हे सशाइतक्या झपाट्याने होत नाही. डॅक्रॉनच्या नळीवर माणसात अस्तर जोडाजवळ फार तर एक-दोन सेंटिमीटर चढतं, पुढे बाकी नळीत आतून फायब्रिनचाच थर राहतो. स्टेंटच्या तारा पातळ आणि विरळ असतात, त्यामुळे साधा धातूचा स्टेंट माणसात साधारण ६ ते ७ महिन्यांत झाकला जातो. औषध सोडणाऱ्या स्टेंटला जास्त वेळ लागतो, कारण धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून त्यातलं औषध पेशींची वाढ रोखतं. नको असलेल्या पेशींबरोबर अस्तराच्या पेशीही रोखल्या जातात.

इथे मजकुरात सत्याचा एक कण आहे, तो मी नाकारणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेत औषधी स्टेंटला मान्यता मिळाली, आणि २००४ मध्येच भारतीय वंशाच्या पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमानी यांच्या गटाने १८ महिन्यांनंतर अचानक गुठळी झालेल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या शवविच्छेदनांत दिसलं की त्या पहिल्या पिढीतल्या स्टेंटच्या काही तारा दोन वर्षांनंतरही उघड्याच होत्या. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की स्टेंटच्या एका आडव्या छेदात ३० टक्क्यांहून जास्त तारा उघड्या असतील तर गुठळीची शक्यता सुमारे नऊपट होते. हा इशारा फॉरवर्डवाल्यांनी दिला नाही, स्टेंट कापून बघणाऱ्यांनी दिला. त्यानंतर तारा १४० मायक्रॉनवरून ६० ते ८० मायक्रॉनपर्यंत पातळ झाल्या, म्हणजे जवळपास केसाएवढ्या, आणि औषध धरून ठेवणारे लेपही बदलले.

आता गोळ्या. तार उघडी आहे तोवर प्लेटलेट तिला चिकटू पाहणार. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर त्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. आपण ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतो, पण रक्त पातळ होत नाही, प्लेटलेटचा चिकटपणा कमी होतो. म्हणजे फोटोत तार उघडी दिसते हे खरं मानलं, तर त्यातून गोळी बंद करा असं निघतच नाही, उलटंच निघतं! दुसरी गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर, सहसा सहा महिने ते वर्षभर असते, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर बहुधा वर्षभर, रक्तस्रावाचा धोका असेल तर कमी. हा हिशेब अस्तर चढायला लागणाऱ्या वेळेशी बांधलेला आहे. आणि कंपन्यांचा फायदा म्हणाल तर २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्याच किमतीवर मर्यादा घातली, साध्याला ७,२६० आणि औषधीला २९,६०० रुपये. महागड्या उपचारांबद्दलचा लोकांचा राग मला समजतो. तो राग गोळीच्या पाकिटावर काढू नका एवढंच म्हणते.

गंजण्याचं थोडक्यात. बहुतेक स्टेंट ३१६-एल स्टेनलेस स्टीलचे किंवा कोबाल्ट-क्रोमियमचे असतात. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा घट्ट थर बसतो. बाहेर काढलेल्या काही स्टेंटवर बारीक खड्डे सापडले आहेत हे खरं, पण विळीला चढतो तसला गंज तो नव्हे. धातूच नको म्हणून विरघळणारा प्लास्टिकचा स्टेंट आलाही होता. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. त्याच्या जाड तारांवर गुठळ्या जास्त होत होत्या.

राहिली पायातली ‘नैसर्गिक’ शीर. बायपास अनेकांसाठी योग्यच उपचार असतो, ते ब्लॉकेज कुठे आणि किती यावर ठरतं. पण शीर काढल्यावर ती गळते का हे बघायला सिरिंजने जोरात फुगवली की तिचंही अस्तर सोलून निघतं, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिच्या आत उघडं कोलॅजन (भिंतीतलं धाग्यांसारखं प्रथिन) आणि त्यावर प्लेटलेट दिसतात. स्टेंटच्या पहिल्या दिवसांसारखंच ते चित्र असतं. पायाच्या शिरेचे जोड दहा वर्षांत साधारण निम्मे बंद पडतात. छातीतली धमनी वापरली तर नव्वद टक्क्यांच्या आसपास चालू राहतात. बायपासनंतरही अ‍ॅस्पिरिन घ्यावीच लागते.

काकांचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच बोलावून घेतलं, ईसीजी काढला आणि दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कार्डावर दुसरी गोळी कुठल्या तारखेपर्यंत ते लिहिलेलं होतं, आजवर कोणी वाचलं नव्हतं. तुमच्या घरी स्प्रिंग बसवलेलं कोणी असेल तर ती तारीख आजच बघा. दात काढायचा असो की मूळव्याधीचं ऑपरेशन, कोणी गोळी थांबवायला सांगितली तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.