उशीची खोळ

ठासणीची बंदूक हातात येईपर्यंत नेम हा डोळ्याचा आणि हाताचा मामला आहे, अशी माझी समजूत होती. तीन हंगामांनंतर कळलं, तो चिंध्यांचा मामला आहे.

माझ्या कपाटाचे दोन खण चिंध्यांना गेलेत. वरच्यात कोऱ्या, सुती, गोल कापलेल्या. खालच्यात ज्या आहेत त्यांच्याबद्दल "टाकायच्या राहिल्यात" एवढंच मी सांगत आलोय. पूर्वी घरात चादर फाटली की मी हळहळायचो, आता माझे डोळे चमकतात. परवा बायकोनं एक बरी धडकी उशीची खोळ माझ्या नजरेसमोरून उचलली आणि कुलपात ठेवली.

ज्यांनी हा नाद केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू ओतायची, मग ओशट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजानं ठासत ठासत पार तळाशी, दारूला टेकेपर्यंत न्यायची. मागे केप, म्हणजे आघातानं पेटणारी चिमुकली टोपी, लावायची, नेम धरायचा, चाप ओढायचा. चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढ्या वेळात हरणाचं दुसऱ्या रानात बस्तान बसलेलं असतं. आम्ही राहतो त्या परदेशात या बंदुकीच्या शिकारीला रीतसर परवाना आणि वेगळा हंगाम असतो. त्यात एक बार टाकायला मिळाला तरी नशीब. ज्यांनी मला या नादाला लावलं ते काका म्हणतात, यातच खरी गंमत आहे. काकांनी आणखीही एक सांगितलं होतं: "उडवायला दहा मिनिटं, धुवायला दीड तास." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

आता दारू. ही प्यायची नव्हे, पण रात्रीचं सकाळी निस्तरावं लागतं हा गुण दोघींत सारखा. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. जळल्यावर या मिश्रणाचा वायू होऊन ते उडून जात असेल असं वाटतं. तसं होत नाही. निम्म्याहून जास्त वजन घनरूपातच उरतं. त्यातलं काही पांढऱ्या ढगातून बाहेर पडतं, आणि उरलेलं तुमच्याकडे मुक्कामाला राहतं. मी एका बाराला ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारू घालतो. चिमटीभर वस्तू, तिची राख ती केवढी, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो.

पण नळीतली जागा बघा. माझी नळी ०.५० इंची. गोळी ०.४९० इंच. चिंधीची जाडी ०.०१५, आणि ती गोळीच्या दोन्ही अंगांना असते, म्हणजे एकूण ०.५२०. अर्ध्या इंचाच्या खोलीत आधीच जास्तीची मंडळी. चिंधी दबते, नळीत आतून पीळ देऊन कोरलेल्या खाचांत अंग चोरते, तेव्हा कुठं सगळ्यांचं जमतं. त्यात पहिल्या बाराची काजळी वळकटी घेऊन हजर. दुसरी गोळी मुकाट्यानं जाते. तिसरी कुरकुरते. चौथीला दोन्ही हात लागतात. पाचवीला मी गजावर लोंबकळत असतो आणि काका तोंड फिरवून हसत असतात.

गोळी मध्येच अडकली तर मात्र हसायचं नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते. म्हणून गजावर खूण केलेली असते, आणि ती नळीच्या तोंडाशी आल्याशिवाय केपेला हात लावायचा नाही. माझ्या गजावर तीन खुणा आहेत. दोन चुकीच्या आहेत, पण कुठल्या ते मला ठाऊक आहे.

या काजळीनं फौजांच्याही नाकी नऊ आणले होते. पिळाच्या नळीचा नेम चांगला, पण गोळी घट्ट ठासायला वेळ लागे; इंग्रजांनी बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला गोळी ठोकायला लाकडी हातोडे दिले होते. (हे वाचल्यावर मला माझ्या लोंबकळण्याची लाज वाटेनाशी झाली.) पुढे १८४९ मध्ये मिनिये नावाच्या फ्रेंच कॅप्टननं नळीपेक्षा बारीक, बुडाशी पोकळ गोळी काढली. मळलेल्या नळीतही ती सहज उतरे आणि बार झाला की बूड फुगून खाचांत बसे. तिच्याच धर्तीची गोळी इंग्रजांच्या एनफिल्ड रायफलीत आली, आणि काडतुसाच्या कागदाला चरबी लावायची ती गोळी सहज सरकावी, काजळी मऊ राहावी म्हणून. त्या चरबीवरून १८५७ मध्ये काय पेटलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. मी ते पाठ करून पाच मार्क मिळवले होते. मुळात ती चरबी लागते कशाला, हे मात्र गजाला लोंबकळल्यावर समजलं.

माझा पहिला हंगाम. सरावाच्या मैदानावर ५० यार्डांवर पुठ्ठा लावला. पहिला बार चार बोटं वर, उजवीकडे. मी म्हटलं, हा हात बसायचा, धरायचा नाही. मग दोन बारांच्या मधे ओली चिंधी फिरवायची, काकांनी शिकवलं होतं तसं. इथं पंथ आहेत. काका थुंकी पंथाचे: चिंधी तोंडात धरून ओली करायची, तोंडात आधी काय होतं ते विचारायचं नाही. मी पाणी पंथाचा. काही जण स्पिरिटवाले, ते आम्हा दोघांना मागासलेले समजतात. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: चिंधी फिरवायची ती दर वेळी तेवढीच ओली, तेवढ्याच वेळा, तेवढ्याच जोरानं. एक ओली, उलटून तीच, मग एक कोरडी. जपाची माळ ओढताना एखादा मणी सुटला तर देव चालवून घेतो. नळी नाही घेत.

तर दुसरा, तिसरा आणि चौथा बार असे बसले की तिन्ही भोकांवर आमटीची वाटी पालथी घालावी. मी माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, त्यांच्यावर जुळवून घेतली, पुठ्ठा घरी आणला आणि येईल त्याला दाखवला. पहिलं भोक मी अंगठ्याखाली धरत असे.

मग धुलाई. इथं मी पहिल्यांदा बुद्धी चालवली. लोखंड आहे, तर तेलानंच साफ करायचं, पाणी कोण घालतं? दोन बुधल्या तेल संपलं आणि आत काजळीचं डांबर झालं. काका बघायला आले, वास घेतला आणि म्हणाले, "अरे, आत मीठ बसलंय. मीठ तेलात विरघळतं का पाण्यात?" प्रश्न चौथीच्या पुस्तकातला होता. काजळीत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते साबणाच्या कोमट पाण्यात मुकाट्यानं सुटतात. फक्त सुटताना गंधक आपली आठवण ठेवून जातं. नासक्या अंड्याचा तो वास न्हाणीघरातून निघतो आणि सगळ्या खोल्या फिरून पुन्हा न्हाणीघरात येतो. बायकोनं पहिल्या दिवशी गॅसवाल्याला बोलावलं होतं.

शिकारीच्या आदल्या रात्री मी तेरा चिंध्या घातल्या. तेरावी इतकी पांढरी निघाली की तिनं चष्मा पुसावा. मग तेलाचा हात दिला, देवाला नमस्कार केला. पहाटे बंदूक भरली. साडेआठला हरीण ५० यार्डांवर, अंग आडवं धरून उभं. मी श्वास रोखला, माशी खांद्यामागे टेकवली, चाप ओढला.

या बंदुकीचं एक बरं असतं, आपला पराभव लगेच दिसत नाही. समोर ढग असतो. तो विरेपर्यंत आपण उत्तम शिकारी असतो.

काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, "धुतलेल्या नळीचा पहिला बार कुठं बसतो?"

"चार बोटं वर, उजवीकडे. पण तो धरायचा नसतो ना?"

"मग काय, हरणाला सांगणार होतास का, पहिला धरू नकोस म्हणून?"

मी माशी जुळवली होती ती एका बाराची काजळी धरलेल्या नळीवर, आणि रानात नेली होती ती तेल लावलेली लखलखीत नळी. तेलाच्या थरावरून गोळी निघते ती एका तऱ्हेनं, काजळीवरून निघते ती दुसऱ्या. बंदूक एकच, पण पहिल्या बाराला एक आणि पुढच्यांना दुसरी. मी दुसरीशी सोयरीक जुळवली आणि मांडवात पहिली आणून उभी केली.

यातून शहाणपण शिकून मी दुसऱ्या हंगामात उलट टोकाला गेलो. नळीला काजळीच आवडते ना? राहू दे. आदल्या संध्याकाळी एक बार मातीच्या बांधावर टाकला आणि बंदूक तशीच, न धुता ठेवली. रात्री धुकं उतरलं. मघाचे ते क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते घराघरांत ठाऊक आहे. तेच नळीत झालं. सकाळी गोळी ठासताना खाली चिखल तुडवल्यासारखं वाटलं. हरीण आलं, चाप ओढला, केप वाजली: फट्. बस्. मी मनात म्हटलं, गेला. एवढा विचार पुरा झाला, आणि मग धडाम. मधल्या वेळात नळीचं तोंड पुढे धरून ठेवलं हीच त्या दिवसाची कमाई. नेमाचं काय विचारता! घरी चिंध्या घातल्या. पहिली काळी, दुसरी काळी, तिसरी तांबूस. गंज. ती चिंधी मी काकांना दाखवलेली नाही. खालच्या खणात आहे.

कुणी म्हणेल, बाजारात नव्या दारू आहेत, त्या का घेत नाही? चौकशी केली. ट्रिपल सेव्हन साध्या पाण्यानं धुतली जाते, पण गोळी बसते त्या जागी काजळीचं कडक कडं धरते. ब्लॅकहॉर्न २०९ वर बार मागून बार टाकत बसा, मधे पुसायला नको. पण तिला पाणी चालत नाही, वेगळा द्राव लागतो, आणि माझ्या जुन्या केपेनं तर ती पेटायचीच नाही. सासर बदललं तरी भांडी घासणं सुटत नाही. मी आपली जुनीच दारू ठेवली.

तिसऱ्या वर्षी मी काकांना शरण गेलो. त्यांनी व्रत दिलं. रोज एक बार, फक्त एक. आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसायचं, रिकाम्या नळीवर दोन केपा वाजवून उरलेला ओलावा जाळायचा, पुन्हा एक कोरडी चिंधी, मग भरायची. तो एक बार पुठ्ठ्यावर टाकायचा, भोकाशेजारी तारीख लिहायची आणि बंदूक घरी आणून धुवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुठ्ठा तोच.

मी हे बारा दिवस केलं. बारा बार, अठरा तास धुलाई. या बारा दिवसांत आमच्या घरी कुणी जेवायला आलं नाही. पण बारा भोकं एका जागी आली. वाटीत मावणारी नव्हेत, थाळीत मावणारी. पण त्या थाळीचं मधलं ठिकाण कुठं आहे ते आता मला ठाऊक होतं. माशी तिथं जुळवली.

शिकारीच्या दिवशी सगळं यथासांग झालं. तेल पुसलं, केपा वाजवल्या, चिंधी फिरवली, दारू, गोळी, गज, खूण. बरोबर खूण. पहाटे पाचपासून बसलो. नऊ वाजले, बारा वाजले. पाय झोपले, मागोमाग मीही. चारच्या सुमाराला एक हरीण दिसलं, दोनशे यार्डांवर, चरत चरत आणखी दूर जाणारं. दिवस मावळला.

भरलेली बंदूक घरी नेता येत नाही, आणि भरली ती रिकामी करायची सोपी वाट म्हणजे बार काढणं. माझी पाठीवरच्या पिशवीतली पुठ्ठ्याची घडी मी बांधावर उभी केली, ५० पावलं मोजली आणि बार टाकला. ढग विरला. भोक बरोबर मधोमध, पेनानं काढल्यासारखं. आजूबाजूला कुणी नव्हतं. काकांना फोन लावला, तर ते झोपले होते.

रात्री नऊला मी न्हाणीघरात, बादलीत कोमट पाणी, नाकाला रुमाल. पहिली काळी. दुसरी, तिसरी काळी. पाचवी राखाडी. सातवीही राखाडीच. आठवीसाठी वरच्या खणात हात घातला, तर बोटं फळीला लागली. बारा दिवसांचं व्रत तिथंच खपलं होतं.

कुलपाचा आवाज झाला. दार बोटभर किलकिलं झालं आणि आतून उशीची खोळ पडली, माझ्या मांडीवर.

"घ्या," बायको म्हणाली. "आणि ती खिडकी उघडा आधी."